माग काढता येईल अशी बातमी

परदेशातल्या युद्धाची भरवशाची बातमी कुठे मिळेल, असं विचारणाऱ्याला बहुधा एखादं निःपक्षपाती वृत्तपत्र किंवा वाहिनी हवी असते. तसं माध्यम सापडत नाही म्हटल्यावर तो दुसरा मार्ग धरतो: दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि सत्य मध्ये कुठेतरी असेल असं मानायचं. हा समंजसपणा वाटतो खरा, पण युद्धाच्या बातमीत तो फसवा आहे. ज्याला धडधडीत खोटं बोलायचं आहे, त्याला या हिशेबात निम्मे गुण बसल्याजागी मिळतात. भरवसा ठेवायचा तो बातमी देणाऱ्याच्या तटस्थतेवर नव्हे; त्याचं म्हणणं इतरांना तपासता येतं की नाही, यावर.

१७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच-१७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं आणि त्यातले सर्व २९८ जण ठार झाले. चारच दिवसांत रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने, त्या विमानाजवळ युक्रेनचं लढाऊ विमान होतं, असं सांगितलं. पुढच्या वर्षी ‘बुक’ क्षेपणास्त्रं बनवणारी रशियन कंपनी म्हणाली, क्षेपणास्त्र बुकच होतं, पण युक्रेनच्या ताब्यातल्या भागातून सुटलं. दरम्यान ‘बेलिंगकॅट’ या गटाने लोकांनी समाजमाध्यमांवर टाकलेली छायाचित्रं आणि चित्रफिती गोळा केल्या आणि रस्ते, इमारती, सावल्या जुळवत क्षेपणास्त्राच्या गाडीचा प्रवास मांडला. हा गट पाश्चात्त्यांकडे झुकलेला आहे, असा आरोप होतो. तो मान्य केला तरी फरक पडत नाही. कारण छायाचित्र कोणतं, जागा कुठली, ती कशावरून ओळखली, हे सगळं उघड होतं. खोट काढायची तर रशियालाही तिथेच काढता आली असती. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. क्षेपणास्त्र रशियातून आणलेलं होतं आणि रशियासमर्थक बंडखोरांच्या ताब्यातल्या पेर्वोमैस्की गावाजवळच्या शेतातून सुटलं, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. लढाऊ विमान आणि बुक यांच्या मधोमध सत्य नव्हतंच.

जिथे बाहेरच्या पत्रकाराला पाऊलच ठेवता येत नाही, तिथे ही कसोटी कशी लावायची, हा आक्षेप रास्त आहे. गाझात युद्ध सुरू झाल्यावर परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाता आलं नाही. पण तिथलीच दोन उदाहरणं पाहा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. इस्रायलच्या हल्ल्यात शेकडो ठार, हा हमासच्या अखत्यारीतल्या आरोग्य मंत्रालयाचा दावा काही तासांत जगभरच्या मथळ्यांत गेला. नंतर ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने तपासलेल्या पुराव्याचा कल पॅलेस्टिनी गटांच्या भरकटलेल्या रॉकेटकडे होता. २३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्ये १५ मदत कर्मचारी मारले गेले. त्यांची वाहनं दिवे न लावता संशयास्पदरीत्या येत होती, असं इस्रायली लष्कर म्हणालं. मृतांपैकी एकाच्या मोबाइलमधल्या चित्रफितीत वाहनांचे दिवे लागलेले दिसले आणि लष्कराला आपलं विधान बदलावं लागलं. पहिल्या तासांतला दावा करणारा कोणत्या बाजूचा आहे, यापेक्षा तो अजून तपासला गेलेला नाही, हे महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: नामांकित माध्यमंच फसली, त्याचं काय? इराककडे संहारक अस्त्रं असल्याच्या बातम्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापल्या आणि मे २००४ मध्ये त्यातल्या त्रुटींची कबुली दिली, तोवर युद्ध सुरू झालेलं होतं. पण त्याच काळात ‘नाइट रिडर’ वृत्तसमूहाचे वॉशिंग्टनमधले बातमीदार, मंत्र्यांऐवजी खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांशी बोलून, सरकारच्या दाव्यांबद्दल शंका छापत होते. म्हणजे पत्रकारिता हरली नाही. मोठ्या नावावर विसंबणं हरलं. कबुलीमुळे मेलेली माणसं परत येत नाहीत, हे खरं. तरीही चूक छापून मान्य करणाऱ्याची आणि गुपचूप मथळा बदलणाऱ्याची पत एक नसते.

मराठी वृत्तपत्रांतला परदेशी मजकूर बहुतेक वृत्तसंस्थांकडून येतो. तो वाचताना एवढं पाहणं कुणालाही जमण्यासारखं आहे: बातमीदार घटनास्थळी आहे की तिसऱ्याच देशाच्या राजधानीत, आकडा कुणी दिला, चित्रफीत कुणी पडताळली, आणि आठवड्याने त्याच घटनेबद्दल काय छापून आलं. कतार सरकारच्या पैशावर चालणारी ‘अल जझीरा’ही अशा नजरेने वाचता येते: गाझातल्या तिच्या वार्ताहरांनी टिपलेली दृश्यं एका तोलाची, कतारविषयीचं तिचं मत दुसऱ्या. याला वेळ लागतो, ही तक्रार उरतेच. पण सैन्य हलवायचं की नाही, हे आपल्याला आज रात्री ठरवायचं नसतं. सेनापतींना नसलेली ही सवलत वाचकाला आहे; ती न वापरता पहिल्याच रात्री कुणाचा तरी जयजयकार किंवा धिक्कार करण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नाही.