अतिथि आणि नोंदवही

'अतिथि' या शब्दाची फोड स्मृतिकारांनीं मोठ्या मार्मिकपणें केली आहे. ज्याचें राहणें नित्य नाहीं, जो एक रात्र वसून पुढें जातो, तो अतिथि. म्हणजे पूर्वजांनीं त्यास देवाच्या पंक्तीस बसविलें तें मुक्कामाची मुदत ठरवूनच! जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेंही १७९५ सालीं चिरशांतीवर लिहितांना असाच भेद केला: परक्या भूमीवर येणाऱ्यास शत्रु न मानलें जाण्याचा हक्क आहे, तेथें राहण्याचा हक्क मात्र यजमानाच्या संमतीवांचून नाहीं. परंतु एका रात्रीचीं पन्नास वर्षें झालीं आणि पाहुण्याच्या अंगणांत नातवंडें खेळूं लागलीं, म्हणजे त्यास काय म्हणावें?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. गडचिरोलीस लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ सालीं वसली. बर्फाच्या प्रदेशांतून आलेलीं माणसें या धानाच्या मुलखांत शेती करूं लागलीं. कायद्याच्या दृष्टीनें मात्र त्यांतील बहुतेक परदेशीच. नोंदणीचा दाखला जपावा, मुदत संपली कीं नवा करून घ्यावा, हा क्रम त्यांस चुकत नाहीं. १९३९ व १९४६ चे जुने कायदे जाऊन २०२५ सालीं नवा कायदा आला. नोंदवही कायमच आहे.

असा दाखला मागणें हाच अन्याय होय काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घरांत कोण वस्तीस आहे हें विचारण्याचा अधिकार घरधन्यास असतोच. शिवाय या अरण्यांत घरच्या माणसांचीही कागदांतून सुटका झालेली नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें पिढ्यान् पिढ्या रानांत राहिलेल्या माडिया-गोंडांसही १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावयास लावलें. मेंढा (लेखा) गांवास सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ सालीं.

मग बोंचतें तें काय? विचारण्यास शेवट नसणें, हें. वनवासी एकदां पुरावा देतो आणि हक्कदार होतो. चामोर्शी-मुलचेरा भागांत पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या बंगाली कुटुंबांस सरकारनें जमिनी दिल्या, त्या येथें रुजण्यासाठींच. तिबेटी तरुण मात्र येथेंच जन्मून जन्मभर पुरावा देतो आणि परका राहतो. २०१० सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतांत जन्मलेली तिबेटी व्यक्ति जन्मानेंच भारतीय आहे. निर्णय कायद्याला धरूनच आहे. पण त्याचा परिणाम पहा. तिबेटांत जन्मलेल्या एकाच आईबापांचा १९८६ सालचा थोरला मुलगा स्वकीय, आणि १९८८ सालचा धाकटा परकीय! दोघांचें ताट एक, भाषा एक, शाळा एक.

यावर कोणी म्हणेल, सर्वांसच नागरिक करून टाका. प्रश्न इतका सोपा नाहीं. कित्येक तिबेटी नागरिकत्व मागतच नाहींत. परकेपणाचा दाखला हीच त्यांना मायदेशावरील हक्क न सोडल्याची खूण वाटते. ज्यास आपण ओझें समजून उतरवूं पाहतों, तें दुसऱ्याचें व्रत असूं शकतें. तेव्हां उपकार म्हणून नागरिकत्व लादणें आणि मागितलें असतां नाकारणें, या दोहोंतही त्या माणसास न विचारण्याचा दोष सारखाच आहे.

आमचें मत असें कीं, नोंद मागणें हा राज्याचा हक्क आहे, पण ती किती पिढ्या मागावी यास मर्यादा हवी. आणि मर्यादा आली म्हणजे राहावें कीं पाहुणाच असावें, हें पाहुण्यानें ठरवावें. आपल्याच घरांतील मुलें आज परमुलखांत मुदतीचे कागद घेऊन रांगेंत उभीं असतात. खिडकीपलीकडील माणसानें त्यांच्याशीं जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसें आपल्या खिडकीशीं घडतें काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पहावें.