दुसऱ्याच्या अज्ञानावरचा नफा

हाती भांडवल नसलेला तरुण जमीन-घराच्या व्यवसायात उतरू शकतो काय? अमेरिकेत या प्रश्नाला 'रिअल इस्टेट होलसेलिंग' हे उत्तर दिले जाते आणि आपल्याकडील काही तरुणही त्याकडे आशेने पाहू लागले आहेत. पद्धत साधी आहे. विक्रीची निकड असलेला घरमालक शोधावयाचा, बाजारभावापेक्षा कमी किमतीचा करार त्याच्याशी करावयाचा आणि खरेदीची मुदत संपण्यापूर्वी तो करारच एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावे करून मधली रक्कम घ्यावयाची. आपल्याकडे विसार पावती किंवा साठेखत फिरवून जे केले जाते, ते याहून फारसे वेगळे नाही.

मेहनतीने रोजी कमावणे इस्लामला प्रिय आहे. मध्यस्थीही निषिद्ध नाही. इब्ने सीरीन, अता, इब्राहीम व हसन या विद्वानांना दलालाच्या मोबदल्यात काही गैर वाटत नसे, अशी नोंद इमाम बुखारी (रह.) यांनी केली आहे. मग अडचण कोठे येते?

समजा, कोकणातील एका गावात एक विधवा भगिनी आहे. पतीच्या वारशात तिला व तिच्या लहान मुलींना घर आणि परसाची जागा मिळाली आहे. घरात आजारपण आहे, पैशाची निकड आहे. ती मालमत्ता आज अठरा लाखांना जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. तुम्ही बारा लाख सांगता, पंचवीस हजार विसार देता, आणि ती दुआ देत सही करते. महिनाभरात तोच करार तुम्ही अठरा लाखांच्या हिशेबाने दुसऱ्याला देता. सहा लाख तुमचे झाले. तुम्ही एक शब्दही खोटा बोललेला नाहीत. ही कमाई हलाल आहे काय?

प्रथम पाहा, तुम्ही विकले काय? घर तुमचे झालेच नव्हते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलमही सांगते की, विक्रीच्या नुसत्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. जे आपल्यापाशी नाही ते विकू नये, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांना दिली होती. ज्या वस्तूची जोखीम आपल्यावर आलेली नाही, तिचा नफा घेण्यासही त्यांनी मनाई केली. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ताबा घेण्यापूर्वी स्थावर मालमत्ता विकण्यास मुभा दिली, परंतु तेथेही मालकी आधी मिळालेली असावी लागते. येथे तीही नाही.

आता दुसरा, अधिक खोल प्रश्न. कुरआनच्या चौथ्या अध्यायातील २९ व्या आयतीत परस्पर राजीखुशीचा व्यापार वैध ठरविला आहे. त्या भगिनीची सही होती, पण राजीखुशी होती काय? ज्याला आपण काय गमावत आहोत हेच ठाऊक नाही, त्याची संमती कशाला म्हणावयाचे?

तुम्ही म्हणाल, 'बाजाराची माहिती मी कष्टाने मिळविली. तिचे मोल मला का मिळू नये?' आक्षेप रास्त आहे. प्रत्येक खरेदीदाराने विक्रेत्याला भाव शिकवावा, असे बंधन फिक्हने घातलेले नाही. परंतु माल घेऊन येणाऱ्या तांड्यांना शहराबाहेरच गाठून खरेदी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, आणि अशी विक्री झालीच तर बाजारात पोहोचल्यावर ती मोडण्याचा अधिकार विक्रेत्याला दिला. कारण उघड आहे: वाटेवरच्या त्या माणसाला बाजारभाव ठाऊक नसतो. आजचा 'होलसेलर' त्या वाटेवरच उभा असतो. ज्ञानाचे मोल घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचे मोल घेणे वेगळे. वरील उदाहरणात तर मुली यतीम आहेत. यतीमांचा माल अन्यायाने खाणाऱ्यांना कुरआनने आगीचा इशारा दिला आहे.

ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमांना ठरला. त्यांनी तो पाहिला आणि मालकाला सांगितले की, याची किंमत अधिक आहे. मग स्वतःच किंमत वाढवीत त्यांनी आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांपाशी (स.) केली होती. तीनशेचा सौदा मोडण्यास कोणी सांगितले नव्हते. त्यांना ती प्रतिज्ञा आठवली, इतकेच.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये आणि ओक्लाहोमाने २०२१ मध्ये अशा व्यवहारांवर परवान्याची बंधने घातली. कायदा मागाहून जागा होतो. मोमिनाचे अंतःकरण आधी जागे असावे.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या तरुणा, मार्ग बंद नाही. मालकाला चालू भाव सांग, आपली दलाली आधी ठरव आणि ती लिहून दे. आपल्याकडील रेरा कायद्याच्या कक्षेतील प्रकल्प असेल, तर एजंट म्हणून रीतसर नोंदणी कर. अथवा भांडवलदाराशी भागीदारी करून, रास्त भावाने खरेदीखत करून घे, जोखीम पत्कर आणि मग नफ्याने वीक. विकणारा मुस्लिम असो वा मुस्लिमेतर बांधव, प्रामाणिकपणाचा नियम एकच. यात सहा लाख एका महिन्यात मिळणार नाहीत. पण पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच भगिनीच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही. आणि आखिरतमध्ये ती समोर उभी राहील तेव्हाही नाही.