कपोत गुरू आणि शेजारधर्म

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी आपले 24 गुरू सांगितले. त्यांत कपोत आहे. पिल्ले जाळ्यात सापडली, मागोमाग कपोती गेली आणि शोकाने बुद्धी हरपलेला कपोतही आपणहून जाळ्यात पडला. मग संकटात आपल्या माणसांचा आधार शोधणे ही आसक्तीच म्हणायची का?

1971चे युद्ध आठवले की मला हा प्रश्न पडतो. दत्तजयंती नुकतीच झालेली, अन् 3 डिसेंबरला युद्ध पेटले. शीवला ब्लॅकआऊट, खिडक्यांना काळे कागद. भोंगा झाला की दिवे बंद. वडील रात्रपाळीला, आम्ही भावंडे आईला बिलगून बसायचो. शेजारच्या काकूंचा मुलगा सीमेवर, पत्राचा पत्ता नाही. तरी त्याच आमच्याकडे यायच्या. म्हणायच्या, "अगं, झोप मलाही नाही, तुलाही नाही. दोघी मिळून जागू."

कपोताला आपले घरटे तेवढे दिसले. काकूंना स्वतःच्या काळजीतही आमचे घर दिसले. आसक्ती बुद्धी घालवते, आधार ती जाग्यावर ठेवतो. अवधूतांचा पहिला गुरू पृथ्वी; ती सगळ्यांचा भार सोसते. आपला भार कुणावर टाकण्यात कमीपणा नाही, मात्र दुसऱ्याचा घ्यायला आपला खांदा तयार हवा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!