हत्ती, कापूस आणि एक कोलन

निपाणीच्या बाजारात ‘हत्ती’ हा शब्द कानावर पडला, तर तो कुणाच्या तोंडचा आहे ते बघावं लागतं. मराठी माणूस बोलला असेल तर सोंडेचा प्राणी. सौंदत्ती-बैलहोंगलकडचा कन्नड शेतकरी बोलला असेल तर कापूस. सीमाभागातल्या माणसाचा यात सहसा घोटाळा होत नाही, त्याच्या डोक्यात दोन्ही याद्या तयार असतात. पण अर्थ शब्दातच असतो की ऐकणाऱ्याच्या यादीत, हा प्रश्न तेवढ्यानं मिटत नाही. आपल्या दर्शनांनी तो शतकानुशतकं लढवला.

हाच प्रश्न बेळगावातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पुन्हा उभा राहतो. १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय या शहरात आहे, आणि अभियांत्रिकीला आलेल्या मुलांची सी भाषेशी गाठ पहिल्याच वर्षी पडते. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात येतं की आज्ञेपुढे वजा चिन्ह देऊन लिहिलेल्या एका अक्षराला स्वतःचा असा अर्थच नाही. ‘व्ही’ हे अक्षर ओळी शोधणाऱ्या ग्रेपला दिलं तर न जुळणाऱ्या ओळी दिसतात, जीसीसी या कंपायलरला दिलं तर तो काय काय करतोय ते सविस्तर सांगू लागतो, पर्लला दिलं तर आवृत्ती कळते. अक्षर एकच, घरं तीन.

जैमिनीच्या मीमांसेनुसार शब्द आणि अर्थ यांचं नातं उपजतच असतं, कुणी ठरवून दिलेलं नसतं. न्यायदर्शन म्हणतं, हा संकेत आहे, ठरवला गेला म्हणून चालतो. सी भाषेचा प्रोग्रॅम उघडपणे नैयायिकांच्या बाजूचा वाटतो. अशी अक्षरं वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’ या फंक्शनला प्रोग्रॅम लिहिणाराच अक्षरांची एक छोटी माळ देतो : माझ्याकडे एवढीच अक्षरं चालतील. माळेत नसलेलं अक्षर आलं की गेटऑप्ट प्रश्नचिन्ह परत करतो. पण मीमांसकांचा उलटा सवाल सहज झटकता येत नाही. पहिला संकेत ठरवणाऱ्यानं तो कोणत्या शब्दांत सांगितला? माळेतल्या कोलनला काय समजायचं, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. गेटऑप्टचा मूळ कोड एटी अँड टीनं १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुला केला. आज बेळगावात कळफलकावर बोटं ठेवणाऱ्या मुलीला तो संकेत जन्माआधीपासून चालत आलेलाच भेटतो. तिच्यापुरतं मीमांसकांचं म्हणणं खरं आहे.

त्या कोलनजवळ थोडं थांबायला हवं. माळेत एखाद्या अक्षरापुढे कोलन असेल, तर त्या अक्षराला पुढे काहीतरी हवं आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह वाक्याचा अर्थ लागायला तीन गोष्टी मागतो : आकांक्षा, योग्यता, संनिधी. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द नुसते एकापुढे एक ठेवले तर वाक्य होत नाही, कारण एकाला दुसऱ्याची आकांक्षा नाही. कोलन म्हणजे कागदावर लिहून ठेवलेली आकांक्षाच. संनिधी म्हणजे जवळ असणं. ग्नू प्रणालीत दोन कोलन दिले तर पुढचं मूल्य ऐच्छिक होतं, आणि ते अक्षराला चिकटून आलं तरच मोजलं जातं. मध्ये एक मोकळी जागा पडली की नातं तुटतं.

आकांक्षा किती आंधळी असू शकते, हे फाइलींचं गाठोडं बांधणारी-सोडणारी टार ही आज्ञा वापरताना कळतं. एक्स म्हणजे उलगड, व्ही म्हणजे सांगत राहा, एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव येतंय. वजा चिन्हानंतर ‘एक्सव्हीएफ’ लिहिलं की काम होतं. घाईत ‘एक्सएफव्ही’ लिहिलं, तर भुकेला एफ शेजारच्या व्हीलाच फाइलचं नाव समजतो, आणि ‘व्ही’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून टार थांबतो. फाइल डोळ्यांसमोर असते, नाव बरोबर लिहिलेलं असतं, तरी यंत्र ‘नाही’ म्हणतं. त्या क्षणी पोरगं खरोखर रडकुंडीला येतं.

योग्यतेचं ओझं मात्र गेटऑप्ट उचलत नाही. अग्नीनं शिंपडावं, हे वाक्य नैयायिक अडवतात, कारण अग्नीत शिंपडण्याची योग्यता नाही. गेटऑप्ट असं काही अडवत नाही. आकड्याच्या जागी ‘हत्ती’ लिहा, तो जसाच्या तसा हाती देईल. मग मजकुराचा आकडा करणारं ‘एटूआय’ फंक्शन वापरलं असेल तर हत्तीचा निमूट शून्य होतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्या शून्यावर चालतो. त्याच कामाचं ‘स्ट्रटोल’ निदान वाचन कुठे थांबलं ते दाखवतं. निमूट शून्य करणं हा ऐकणाऱ्याचा अपराध आहे, चुकीचं बोलणाऱ्यापेक्षा मोठा.

एका पर्यायाच्या पोटात आणखी पर्याय आले, की हे ऐकणं आणखी नाजूक होतं. डिस्क जोडणाऱ्या माउंट या आज्ञेला ‘ओ’ दिला की त्यामागे स्वल्पविरामांनी जोडलेली रांग येते : फक्त वाचू दे, अमुक वापरकर्ता समज. मीमांसेच्या भाषेत ‘ओ’ हा अंगी म्हणजे मुख्य, बाकीची त्याची अंगं. अशी रांग सोडवायला ‘गेटसबऑप्ट’ आहे. ते एकेक स्वल्पविराम पुसून तिथे शून्य बाइट ठेवत पुढे जातं, म्हणजे वाचता वाचता मूळ ओळ तुटत जाते. म्हणूनच त्याला अवतरणातला पक्का मजकूर थेट दिला की प्रोग्रॅम बहुधा कोसळतो. आधी प्रत काढावी लागते.

आणि यादीत नसलेला शब्द आला तर? माउंटच्या काही प्रकारांना ‘एस’ देऊन सांगता येतं की अनोळखी शब्दांकडे कानाडोळा कर. सोय खरी, पण ज्यानं तो शब्द लिहिला त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ते हरवतं. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतलं गेटसबऑप्ट अशा वेळी वजा एक परत करतं आणि तो न समजलेला शब्द अख्खा प्रोग्रॅमच्या हाती ठेवतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मनावर घेतलं तर तो शब्द समोरच्याला दाखवून विचारता येतं. निपाणीचा अडत्याही दुसरं काय करतो? शब्द तसाच उचलतो आणि विचारतो, “हत्ती म्हणजे कापूसच म्हणताय ना, अण्णा?”