तेलाचं भोक

आमचा सहा फुटी लेथ वडिलांनी कोल्हापुरात, उद्यमनगरातून घेतला, तेव्हाच तो वयस्कर होता. आता चकाजवळ बेड झिजलाय. तिथल्या बेतानं जिब, म्हणजे ढिलेपणा काढायची पट्टी, आवळली, की टेलस्टॉककडे जाताना सॅडल अडतं. सगळं काम चकापासून हात-दीड हातात, झीजही तिथंच.

भिंतीवर वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी आहे : ‘मशीनला रोज तेल द्या.’ हाताखालचं पोरगं देतही होतं. उघड्या बेडवर धार सोडायचं, कॅरेज पुढं आणायचं. सॅडल ते तेल केरासारखं पुढं लोटायचं. बेड झिजतोय म्हणून मी मात्र रोज त्यालाच बोलायचो. खंडेनवमीला याच बेडवर हळदकुंकू वाहायचो, झेंडूच्या पाकळ्या आठवडाभर लीड स्क्रूच्या आट्यांतून निघायच्या. पूजेत काही कसूर नव्हती.

मागच्या महिन्यात सॅडल उलटं केलं. खाली दोन ठिकाणी आरशासारखी चकाकी, बाकी कोरडं. कडेला काळा लगदा. बिडाची पूड आणि तेल, म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच की! इतकी वर्षं आम्ही बेड घासत होतो.

मिस्त्रींनी वरून चार भोकं पाडली आणि 6 मिमीचे बॉल ऑइलर ठोकून बसवले. कॅनचं टोक दाबलं की गोळी आत जाते, उचललं की भोक बंद. खालच्या अंगाला तिरक्या, उथळ खोबणी कोरल्या. मी एक खोबण थेट कडेपर्यंत आखली होती, तर म्हणाले, “तिथवर नेऊ नका मालक. तेल पळतंय आणि किस आत शिरतोय.” सॅडलच्या दोन्ही तोंडांना नमद्याच्या पट्ट्या लावल्या. तेल 68 नंबरचं.

झिजलेला बेड काही भरून आला नाही. चकाजवळचा ढिलेपणा आहे तसाच आहे.

पहिल्या दिवशी कॅन दाबल्यावर सॅडलच्या कडेनं शाईसारखी काळी रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी राखाडी. पोरगं आता न सांगता सकाळी चारही गोळ्या दाबतं, मग वाकून रेघेचा रंग बघतं आणि मला हाक मारतं.