एकटा वाटसरू



जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. मोटारसायकलवर एकट्यानेच कोकणातून विदर्भापर्यंत जायचे, तेही महामार्ग टाळून, गावोगावच्या आडवाटांनी, असा त्याचा बेत होता. आई मात्र परवानगी देत नव्हती. त्याने विचारले, "मौलाना, फिरणे हा काय गुन्हा आहे?"

फिरणे हा गुन्हा नाही. पृथ्वीवर संचार करा आणि पूर्वीच्या लोकांचा शेवट कसा झाला ते पाहा, असे आवाहन दिव्य कुरआनने वारंवार केले आहे. महामार्गाने वेगात जाणाऱ्याला टोलनाके दिसतात. आडवाटेने जाणाऱ्याला शेत, विहीर, पडका वाडा आणि माणूस दिसतो. पाहणारी दृष्टी असेल तर प्रत्येक वळणावर अल्लाहच्या निशाण्या आहेत.

मात्र या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. इ.स. १३२५ मध्ये मोरोक्कोतील तांजा शहरातून इब्ने बतूता हजसाठी एकटेच निघाले. वय अवघे एकवीस वर्षांचे. सोबतीला मित्र नव्हता, काफिला नव्हता. आई-वडील हयात होते आणि त्यांचा निरोप घेणे जिवावर आले होते. वाटेत काफिला भेटला, पण सोबत ताप आला. खाली पडू नये म्हणून त्यांनी पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. काफिला ट्युनिसला पोहोचला तेव्हा नगरवासी सामोरे आले आणि आपापल्या ओळखीच्यांना सलाम करू लागले. यांना सलाम करणारा कोणीच नव्हता. त्यांना रडू कोसळले. एका हाजीने ते पाहिले, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत तो त्यांना धीर देत राहिला.

पुढे इब्ने बतूतांनी दिल्लीचा दरबार पाहिला, आपले दौलताबादही पाहिले. तरी तीस वर्षांनी प्रवासवर्णन सांगताना तो एक सलाम त्यांच्या स्मरणात ताजा होता.

त्याच प्रवासाचा शेवटही ऐका. परतीच्या वाटेवर दमास्कसमध्ये त्यांना कळले की वडिलांना जाऊन पंधरा वर्षे झाली. स्वदेशी पोहोचले, तो घर गाठण्याआधीच आईही महामारीत गेल्याची वार्ता आली. सारे जग पाहिलेल्या डोळ्यांना आई-वडिलांचे मुख पुन्हा दिसले नाही.

मी त्या तरुणाला म्हणालो, "बेटा, आईची भीती निराधार नाही. रात्री एकट्याने प्रवास करण्यापासून खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सावध केले आहे आणि काम संपताच घरी परतण्याची ताकीदही दिली आहे. तेव्हा तिच्याशी वाद घालू नकोस, तिची समजूत घाल. तिची संमती मिळाली तरच नीघ. कोणाचे देणे असेल ते फेडून टाक. नमाज सोडू नकोस. अल्लाहने प्रवाशासाठी चार रकअतींच्या दोन केल्या आहेत, ती सवलत नमाज टिकावी म्हणून आहे. परक्या गावात नजर खाली ठेव. वाटेत काटा-दगड दिसला तर बाजूला कर, तो ईमानचाच भाग आहे. आणि प्रवाशाची दुआ स्वीकारली जाते, तेव्हा त्या दुआत आईला विसरू नकोस."

आता जे घरीच आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. जकातीच्या आठ हक्कदारांत अल्लाहने अडचणीतील वाटसरूलाही स्थान दिले आहे. घरी तो संपन्न असेल, परंतु पंक्चर झालेल्या गाडीजवळ उन्हात उभा असताना तो गरजूच असतो. त्याची जात, धर्म, गाव विचारण्याआधी त्याला पाणी विचारा. आज आपल्या मोहल्ल्यात अनोळखी माणूस आला की संशयाच्या नजरा वळतात, सलाम मात्र ओठांवर येत नाही. ही आपल्या दीनची रीत नव्हे.

त्या मातेने अखेर संमती दिली. अट एवढीच की प्रवास दिवसाच करायचा आणि मगरिबनंतर रोज फोन करायचा. आज तो कोठल्या तरी आडवाटेवर असेल. तुमच्या मशिदीच्या हौदावर धुळीने माखलेला कोणी परका वुजू करताना दिसला तर त्याला सलाम करा. कदाचित तीस वर्षांनी तो त्याची आठवण सांगेल.

हे अल्लाह! प्रवासात असलेल्या प्रत्येकाचे रक्षण कर, त्यांना त्यांच्या माणसांत सुखरूप परत आण, आणि आम्हा सर्वांचा अखेरचा प्रवास सुलभ कर. आमीन.