आयुष्यभराचा रेझर

गेल्या जुलैत, एका रविवारी सकाळी, नेऱ्याच्या घरी बाबांचा दाढीचा रेझर तुटला. बेसिनवरून फरशीवर पडला आणि वरच्या टोपीचा आटे असलेला खिळा मुळातून मोडून दांड्यातच अडकून बसला. सतरा वर्षं वापरलेली वस्तू. बाबा दोन्ही तुकडे घेऊन ओटीवर आले आणि म्हणाले, "एम-सील लावून बघ रे, जमतंय का."

मी तुकडा उजेडात धरला. बाहेरून चकचकीत, पण जिथे मोडला होता तिथे राखाडी आणि दाणेदार, खडू मोडल्यावर दिसतो तसा.

"बाबा, हे स्टील नाहीये."

"मग काय आहे?"

"जस्त."

बाबांना ते पटेना. तळोज्याच्या एका कंपनीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. नट-बोल्ट हातात घेऊन वजनावरून धातू सांगणारा माणूस. आणि रोज सकाळी हातात धरलेली वस्तू सतरा वर्षं स्टीलचं सोंग घेऊन होती, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या धातूला झमॅक म्हणतात. जस्त, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित तांबं आणि मॅग्नेशियम. नाव जर्मन भाषेतल्या या चार धातूंच्या आद्याक्षरांवरून आलंय. हा मिश्रधातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. साच्यात दाबाने ओतला की काही सेकंदांत नक्षीसकट भाग तयार. वर क्रोमचा मुलामा दिला की दुकानात तो स्टीलसारखाच दिसतो. मुलामा शाबूत आहे तोवर सगळं ठीक. त्याला बारीक छिद्र पडलं आणि पाणी आत गेलं, की जस्त आतल्या आत खायला लागतं. आणि आट्यांच्या जागी, जिथे धातू सगळ्यात बारीक असतो, तिथे एक जोरदार आपटी पुरते.

मी ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. इंजिनिअरिंगला मटेरियल सायन्सचा पेपर कसाबसा काढला होता. पण त्या रविवारनंतरचे दोन आठवडे मी रोज रात्री रेझरच्या धातूंवर वाचत बसलो. पितळ, 304 स्टील, 316 स्टील, टायटॅनियम. शेवटी 316 स्टीलचा, अखंड सळईतून मशीनवर कोरून काढलेला एक रेझर मागवला. किंमत बारा हजार रुपये. बाबांना दोन हजार सांगितली.

हा लेख त्या खोट्या दहा हजारांबद्दल आहे.

'महाग पण आयुष्यभर टिकणारं घ्यावं, स्वस्त घेणारा दोनदा रडतो' हे आपण सगळेच ऐकत आलोय. माझ्या पिढीला तर हे फार आवडतं. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या आम्हा लोकांना, निदान एक तरी वस्तू आयुष्यभराची आहे, या कल्पनेनेच बरं वाटतं. मीही स्वतःला हेच सांगितलं. मग एका रात्री साधा हिशेब मांडला. बाबांच्या रेझरसारखा रेझर आज पाचशेला मिळतो. बारा हजारांत असे चोवीस येतात. एक सतरा वर्षं टिकला, तर चोवीस मिळून चारशे आठ वर्षं. चारशे आठ वर्षं मागे गेलो तर शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नसतो. म्हणजे माझ्या स्टीलने पैसे वसूल करायचे तर त्याला चार शतकं दाढ्या कराव्या लागतील. टिकाऊपणा हे कारण नव्हतंच. ते मी नंतर शोधलेलं निमित्त होतं.

मग कारण काय होतं? एक उत्तर मला बरं वाटलं: प्रामाणिकपणा. स्टील वरून जे आहे तेच आतून आहे. झमॅक आत एक, बाहेर एक. पण हे उत्तरही फार वेळ टिकलं नाही. झमॅकचा दोष काय? तो स्वस्त आहे म्हणूनच कारकुनाच्या, कामगाराच्या, आमच्या बाबांच्या घरात रेझर आला. अखंड सळईतून रेझर कोरताना बरंचसं स्टील भुगा होऊन बाजूला पडतं. टायटॅनियमची गोष्ट तर आणखी वेगळी. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट असतं, टायटॅनियमचं खनिज. पण त्या वाळूपासून धातूपर्यंत पोचायला प्रचंड ऊर्जा लागते. कमी उष्णतेत, कमी नासाडीत बनलेल्या आणि सतरा वर्षं मुकाट काम केलेल्या वस्तूला अप्रामाणिक म्हणायचा अधिकार मला कुठून मिळाला?

आता 'टिकणं' या शब्दाकडेच जरा नीट बघू. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो. खरं तर त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा एक थर बनतो. ओरखडा गेला की थर फाटतो, आणि हवा मिळताच पुन्हा बनतो. म्हणजे स्टील टिकतं, कारण ते सतत स्वतःला दुरुस्त करत असतं. मिठातलं क्लोराइड ही दुरुस्ती बिघडवतं, म्हणून 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात. खाडीजवळच्या दमट हवेत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात बिजागऱ्यासुद्धा लाल होतात.

आजीकडे पितळेचं एक पातेलं होतं. ते तीन पिढ्या टिकलं असं घरात कौतुकाने सांगतात. पण दर काही महिन्यांनी कल्हईवाला यायचा, भट्टी पेटवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा, तेव्हा ते पातेलं टिकायचं. गावात कल्हईवाला येईनासा झाला आणि ते चांगलं पातेलं माळ्यावर गेलं. पितळ तेच होतं. त्याच्याकडे बघणारं माणूस उरलं नाही.

पात्याचंही असंच. 2020 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केस पात्याच्या धारेचे टवके कसे काढतो. एकेक केस, ठरावीक कोनातून, धारेच्या कच्च्या जागी. त्यामुळे रेझर कितीही टिकाऊ असो, पातं चार-पाच दाढ्यांनी टाकायचंच. जिलेटला या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं, आणि आज पनवेलच्या दुकानात मिळणारं दुधारी पातं तेव्हाच्या रेझरमध्येही बसतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. आम्ही तीन वर्षांपूर्वीचा कोड चालवताना रडतो. शंभरावर वर्षं टिकली ती धातूपेक्षा एक बोली, की पात्याची भोकं इथेच असतील. ती बोली उद्या मोडली, पाती बनायची बंद झाली, तर माझा बारा हजारांचा रेझर म्हणजे कागदांवर ठेवायचं वजन.

आणि हत्यार चांगलं म्हणजे काय, याचा आपल्याकडे एक जुना दाखला आहे. 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. त्या वस्तऱ्यांना उत्तम धार असणार. पण तो वस्तरा चांगला की वाईट, हे पोलादावरून ठरत नव्हतं. वस्तरा धरणाऱ्या हातांनी ते ठरवलं. तो किस्सा मला शाळेपासून माहीत होता. तरी दोन आठवडे मी धातूबद्दलच वाचत राहिलो, आणि हाताकडे एकदाही बघितलं नाही.

दिवाळीत बाबांना रेझर दिला. त्यांनी हातात घेतला, तोलला आणि म्हणाले, "हां, हे स्टील." मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. नोव्हेंबरात एका शनिवारी मी घरी होतो. बाथरूममधून ठण्ण आवाज आला. धावत गेलो. रेझर खाली पडला होता. त्याच्यावर ओरखडाही नव्हता, उलट फरशीचा टवका उडाला होता. मी तो उचलून, अगदी अभिमानाने, बाबांना म्हणालो, "बघा! जुना असता तर गेला असता."

बाबा काहीच बोलले नाहीत. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "या महिन्यातली तिसरी वेळ आहे."

तेव्हा मी पहिल्यांदा बाबांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीशेजारी लोंबत होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, जसं एखादं नाणं मोजावं. बाबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हात टॉवेलखाली घेतला.

जुलैतही रेझर हातातूनच पडला होता. झमॅक कुठे मोडतं, कसं मोडतं, क्रोमच्या खाली काय होतं, हे सगळं मी शोधून काढलं. तो पडला का, एवढंच विचारलं नाही. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात मिळत होतं आणि बारा हजारांत सुटत होतं. दुसऱ्याचं तसं नव्हतं. मला वाटतं, चांगल्या वस्तू घेण्याचं आमचं वेड पुष्कळदा असंच असतं. आईवडिलांना आपण वॉटर प्युरिफायर देतो, स्मार्टवॉच देतो, आणि त्या देण्याच्या आवाजात विचारायचं राहून जातं. प्रेम खोटं नसतं. फक्त ते जिथे उत्तर सोपं असतं, तिकडे वळतं.

पनवेलच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गोळ्या सुरू आहेत. हळूहळू वाढणारा आजार आहे, बरा होणारा नाही, पण सांभाळता येतो. 'सांभाळता येतो' हे ऐकल्यावर मला ते पातेलं आठवलं.

आता मी दर शनिवारी नेऱ्याला जातो, आणि रविवारी सकाळी ओटीवर खुर्ची टाकून बाबांची दाढी करतो. समोर प्रबळगड दिसतो, अलीकडे नव्या टॉवरच्या क्रेन. मधल्या दिवशी ते खुंट तसेच ठेवतात. गावात सलूनवाला आहे, पण त्यांना माझ्याकडूनच करून घ्यायची असते. पहिल्या रविवारी हनुवटीखाली कापलं. स्वतःच्या गालावर पातं किती टेकलंय हे कातडी सांगते. दुसऱ्याच्या गालावर ते आपल्याला कळत नाही, विचारत राहावं लागतं. लागतंय का? इथे? आता?

खरी किंमतही सांगून टाकली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वेडा आहेस." थोड्या वेळाने विचारलं, "किती वर्षं जाईल हा?"

"शंभर तरी."

"मग पुढच्या रविवारी जरा हळू कर," ते म्हणाले. "घाई कसली आहे?"